वीतभर मखमल

मुलीच्या बापाने मुलाच्या बापाशी कसं वागावं याविषयी आपल्याकडे जेवढे म्हणून संकेत आहेत, ते सगळे एकट्याने आणि तेही अत्यंत प्रेमाने धाब्यावर बसवणारा मनुष्य साऱ्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझा व्याही आहे. मुलाच्या लग्नात त्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं. म्हणजे श्रीफळ दिलं. शाल खांद्यावर घालता घालता ते मध्येच थांबले, चष्मा कपाळावर चढवला, शालीची मागची बाजू उलटून नाकाशी नेली आणि भर मांडवात मला म्हणाले, "व्याही, सॉरी हं. ही लोकर नाही. फसवलं आपल्याला." मी अर्धा शालीत आणि अर्धा बाहेर. फोटोग्राफर कॅमेरा रोखून तसाच उभा. आपल्याला म्हणजे मला की त्यांना, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांच्या सहवासात पुढे जे जे कळलं नाही, त्याची ती नुसती सुरुवात होती.

हे गृहस्थ तरुणपणीच केमिकल इंजिनियर होऊन अमेरिकेत गेले आणि न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला स्थायिक झाले. सगळी नोकरी कृत्रिम धाग्याच्या एका कंपनीत. गालिच्यावर कॉफी सांडली तरी डाग पडू नये, हे त्यांचं जीवितकार्य होतं आणि ते त्यांनी यशस्वीपणे पार पाडलं. मग ते निवृत्त झाले. घरात बसून माणूस फ्रीज उघडतो आणि बंद करतो हे बघून विहीणबाईंनी त्यांना विरंगुळा म्हणून न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात नेलं, आणि तिथेच घात झाला. काचेच्या पेटीत पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन रेशमी मखमलीचा एक तुकडा होता. त्यावर डाळिंबं विणलेली. विहीणबाई सगळं संग्रहालय बघून, चहा पिऊन, पाय दुखून परत आल्या तरी हे तिथेच. शेवटी पहारेकऱ्याने येऊन "सर, आर यू ओके?" असं विचारलं. यांनी त्यालाच उलट विचारलं, की कापडावरची ही मऊ लव दोन उंचीची कशी काय आहे? त्याला काय माहीत असणार?

"अहो व्याही," ते मला एकदा म्हणाले, "इतकी वर्षं मी डाग न पडणारा गालिचा केला. लोकांनी त्याच्यावर पाय पुसले. त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलंय का कोणी?" मी मनात म्हटलं, गालिच्यासमोर उभं कसं राहायचं, त्याच्यावरच राहतात ना?

त्या दिवसापासून या माणसाचा हात जागेवर राहीनासा झाला. दुकानात गेले की ते शर्ट बघत नाहीत, शर्टाची बाही चिमटीत धरून डोळे मिटतात. कुणाच्या घरी गेले की सोफ्यावर बसण्याआधी त्याला उलटसुलट कुरवाळतात, आणि यजमानीणबाई पाणी घेऊन आल्या की "पॉलिएस्टर" एवढंच म्हणून दुःखाने बसतात. देवळात आरती चालू असताना ते हळूच बाजूने पुढे सरकून गाभाऱ्याच्या पडद्याची पाठ बघताना सापडले आहेत. पुजाऱ्याला वाटलं काका भक्तीने कासावीस झालेत, त्याने त्यांना आधी प्रसाद दिला. गाडी चालवताना, समोर ताशी साठ-पासष्ट मैलांनी वाहणारा हायवे असताना, ते शेजारच्याच्या कॉलरला हात लावतात. तो शेजारचा मी असायचो.

शिवाय व्हेनिसच्या विणकरांविषयी ते अशा काही आपुलकीने बोलतात, की ती मंडळी दोन घरं सोडून राहतात असंच वाटावं. "आपल्या लोकांचे नियम फार कडक हो. काठ चुकीचा निघाला तर दंड." आपले लोक म्हणजे मला आधी मराठी मंडळातले वाटले. त्या मंडळाच्या गणपतीत तर यांनी कहर केला. दहा मिनिटं बोला म्हटल्यावर पडद्यावर स्लाइड लावून इटलीच्या रेशमाच्या जन्मापासून सुरुवात केली. मागे हॉलच्या दाराशी मसालेभाताचे ट्रे येऊन थांबले, त्यांचा वास सुटला, पोरं रडायला लागली, आणि पहिल्या रांगेतले एक काका अगदी नम्रपणे म्हणाले, "ते सगळं ग्रेट आहे, पण किडा कोशातून बाहेर आला की आपण ब्रेक घ्यायचा का?" व्याही म्हणाले, "किडा बाहेर येत नाही. तीच तर गंमत आहे." आणि पुढची स्लाइड लावली.

या सगळ्याशी माझा संबंध आला तो २००६ साली. मी बँकेतून निवृत्त होऊन सांगलीत सुखाने पेपर वाचत होतो. सूनबाईंना दिवस गेले, म्हणून आम्ही दोघं अमेरिकेला निघालो. मुलगा-सून टेक्सासात प्लेनोला राहतात. व्याह्यांकडे आठ दिवस राहून पुढे जायचं ठरलं होतं. पण मुलाच्या नव्या घराचं काम बिल्डरने लांबवलं, ते दोघं एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये अडकले, तेव्हा बायको सुनेच्या मदतीला पुढे गेली आणि मला जास्तीच्या बॅगेसारखं न्यू जर्सीत ठेवण्यात आलं. मुलाचा बाप, तेही मुलीच्या माहेरी, दोन-अडीच महिने. माझी अपेक्षा फार नव्हती. सकाळी गरम पोहे, दुपारी पडायला जागा, आणि अधूनमधून "व्याहीबुवा, अजून एक घ्या" एवढं पुष्कळ होतं. दुसऱ्याच दिवशी व्याही मला बेसमेंटमध्ये घेऊन गेले आणि त्यांनी माझ्या हातात दोऱ्या दिल्या.

खाली त्यांनी स्वतः सुतारकाम करून एक माग उभा केला होता. माझ्या मते तो अर्धा पलंग होता आणि अर्धी बाजाची पेटी. त्याच्या पाठीमागे चौकटीवर शेकडो बारकी रिळं, प्रत्येक रिळाला इवलंसं वजन लटकवलेलं. मखमल कशी होते ते त्यांनी मला त्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा समजावलं, आणि मी तिथून निघेपर्यंत समजावत होते. जेवढं माझ्या टाळक्यात शिरलं ते असं: साध्या कापडाला एक ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा एक संच लागतो, मखमलीला दोन. एकाने खालची जमीन विणायची, दुसरा ताणा लवेचा. तो मध्येच वर उचलून त्याच्याखाली बारीक पितळी सळई घालायची, म्हणजे धागा सळईवरून उडी मारून पलीकडे जातो. अशा काही सळया घातल्या, की सगळ्यांत जुन्या सळईच्या वरच्या खाचेतून धारदार पातं फिरवायचं. धागे कापले जातात, सळई मोकळी होते, आणि कापलेली टोकं गवतासारखी उभी राहतात. तीच लव. म्हणजे आधी विणायचं आणि मग विणलेलं कापायचं. "मग आधीच कापून का नाही घेत?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला पहिल्यापासून सगळं पुन्हा समजावलं.

आता यात माझं काम काय? तर नक्षी काढायला, कुठले धागे वर उचलायचे ते ठरवणाऱ्या दोऱ्या बाजूला बसून कुणीतरी ओढाव्या लागतात. इटलीत त्यासाठी वेगळा माणूस असे. इथे व्याही मिळाला. विहीणबाई बिचाऱ्या जिन्यावरून वाकून म्हणायच्या, "अहो, मुलाकडचे आहेत ते! काय लावलंय?" आणि हे म्हणायचे, "मग चांगलं आहे ना, मुलाकडच्यांना इंटरेस्ट आहे." दोऱ्यांचे आकडे ते इटालियनमध्ये पुकारायचे. लायब्ररीतून सीडी आणून शिकले होते. उनो, दुए, त्रेपर्यंत माझं ठीक चालायचं. पण सहा म्हणजे सेई आणि सात म्हणजे सेत्ते, यात मी रोज गडबडायचो. बँकेत मी इतकी वर्षं आकडेमोड केली, पण कुणी मला व्हेनिसच्या भाषेत सात म्हणालं नव्हतं. एका डाळिंबाला माझ्यामुळे देठाकडून पोक आलं आणि ते वांग्यासारखं दिसायला लागलं. व्याह्यांनी शांतपणे कात्री घेतली, तेवढं विणलेलं सगळं कापून टाकलं आणि नव्याने ताणा बांधायला बसले. त्याआधीही एकदा एक चिलट विणकामात चिरडलं गेलं म्हणून त्यांनी असंच कापलं होतं. चूक राहिलेलं कापड त्यांना डोळ्यांसमोर नको असे.

आणि रेशमाला धूर लागू नये म्हणून स्वयंपाकघरात फोडणीला बंदी. विहीणबाई गॅरेजमध्ये, दोन गाड्यांच्या मधे, कॅम्पिंगच्या शेगडीवर उभ्या राहून मोहरी तडतडवायच्या. खालची हवा दमट राहावी म्हणून तिथे पाण्याची यंत्रं घुरघुरत असायची, आणि माझे गुडघे त्या हवेत सांगलीच्या श्रावणापेक्षा जास्त दुखायचे. मी पाहुणा आहे, मजूर आहे, की विद्यार्थी, याचा मला नीट पत्ता लागत नव्हता. तक्रार कुणाकडे करायची? व्याह्यांकडे व्याह्यांची?

पण तक्रार करवत नव्हती, याचं कारण निराळं होतं. सातव्या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, प्लेनोला नव्या घरात सूनबाईंचं डोहाळजेवण होणार होतं. माहेरची म्हणून जी ओटी भरतात, तिच्यातला हिरवा खण दुकानातला नको, तो मी विणणार, असं व्याह्यांनी जाहीर केलं होतं. मुलगी त्यांची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर निम्मं इंग्रजीत देते. लहानपणी ती झोपलेली असताना हे ऑफिसला जायचे आणि ती झोपल्यावर परत यायचे. पुढे ती कॉलेजला गेली ती गेलीच. तिने बेसमेंटमध्ये कधी पाऊल ठेवलं नव्हतं. रविवारी फोन यायचा. हे स्पीकर लावून डाळिंबाच्या पाकळीविषयी सांगायला लागले, की तिकडून ऐकू यायचं, "बाबा, प्लीज, जस्ट बाय समथिंग. आईला दे ना फोन." मग ते फोन विहीणबाईंकडे देऊन खाली यायचे आणि मला म्हणायचे, "चला, उनो." एकदा आडवा धागा नेणारा धोटा हातात धरून ते म्हणाले, "तिला मी काही दिलंच नाही हो. फी भरली, गाडी घेऊन दिली. हातचं असं काही नाही दिलं." त्या दिवशी मी सेई आणि सेत्तेत एकदाही चुकलो नाही.

काम मात्र मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. दिवसभर बसावं तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढं कापड व्हायचं. सप्टेंबर गेला, बाहेरची झाडं लाल झाली आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं-अवजारं घासूनपुसून पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू लावतो. व्याही या गोष्टींना हसणाऱ्यांपैकी. पण विहीणबाई दरवर्षी आपल्या समाधानासाठी मांडत, आणि यंदा तर लेकीच्या ओटीचं काम चालू होतं. व्याही सकाळीच दमट हवेच्या यंत्राची जाळी आणायला बाहेर गेले होते. मी अंघोळ करून देवासमोर आलो. पाटावर छान मांडणी केली होती. सुरी, स्क्रूड्रायव्हर, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, लॅपटॉप, आणि मधोमध चार पितळी सळया, लख्ख घासलेल्या, हळदकुंकू लावलेल्या, प्रत्येकीवर झेंडूची पाकळी. मी भक्तिभावाने नमस्कार केला. डोकं वर करता करता काहीतरी चुकलंय असं वाटलं, पण काय ते ध्यानात येईना. व्याही आत आले, त्यांनी पाटाकडे पाहिलं, आणि जाळी हातातच घेऊन ते धावत जिना उतरले.

सळया विणकामातल्या होत्या. त्यांवरचे धागे अजून कापायचे होते. विहीणबाईंनी त्या अलगद, एक धागा तुटू न देता, बाजूने ओढून काढल्या होत्या. आता जिथे लव उभी राहायची तिथे नुसते न कापलेले वेटोळे होते, आणि सगळ्यांत अलीकडची ओळ तर मागच्या वजनांनी ओढून नाहीशीच केली होती. विहीणबाई जिन्यावर उभ्या. "अहो, मी पुसून परत घालते ना," त्या म्हणाल्या. व्याही म्हणाले, "आता नाही जाणार त्या परत." मग विहीणबाईंना रडू आलं. "माझ्या लेकीच्या ओटीचं चाललंय, त्याला हळदकुंकू नको लावायला? इतकी वर्षं मी काय मागितलं तुमच्याकडे?"

व्याह्यांनी कात्री उचलली. मी डोळे मिटले. आता कापलं तर डोहाळजेवणापर्यंत काहीही होणार नव्हतं, हे मलासुद्धा समजत होतं. कात्रीचा आवाज काही आला नाही. डोळे उघडले तर ते भिंग लावून त्या वेटोळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी कात्री खाली ठेवली आणि बायकोला म्हणाले, "अगं, इटलीत हे मुद्दाम करायचे. काही भाग कापायचा, काही असाच ठेवायचा. फार भारी असतो तो प्रकार. तू रडू नकोस." हे खरं, की तिचं समाधान करायला तिथल्या तिथे रचलेलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. ते वर गेले, पाटावरच्या सळया स्वतःच्या हाताने उचलून आणल्या, हळदकुंकू नीट पुसलं, आणि म्हणाले, "व्याही, त्रे ओढा."

नोव्हेंबरात मागावरून उतरवलं तेव्हा कापड भरलं वीतभर आणि वर चार बोटं. त्याचा खण सोडा, बाहीसुद्धा झाली नसती. व्याह्यांनी ते दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं आणि आम्ही तिघं विमानतळावर गेलो. तिथे ते पुठ्ठे यंत्रातून घालायला त्यांनी नकार दिला, कारण लव दबते. तपासणीवाल्या धिप्पाड बाईंनी विचारलं, "सर, व्हॉट इज धिस?" बस्स. दोन ताणे, सळया, व्हेनिस, दंड. मागे रांग पार कॉफीच्या दुकानापर्यंत गेली. लोक पायात बूट नसलेले, हातात पट्टे धरून उभे. बाईंनी शेवटी हातमोजा काढून त्या मखमलीवरून बोट फिरवलं आणि "ओ माय" म्हणून आम्हाला सोडून दिलं. विमान आम्ही कसंबसं गाठलं.

डोहाळजेवणात पुरुषांना काही काम नसतं. ओटी बायकाच भरतात. आम्हाला कागदी ताटल्या देऊन गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. मुलगा पाहुण्यांच्या गाड्या लावायला बाहेर गेलेला. आतून गाणी ऐकू येत होती, बायका हसत होत्या. व्याही जिलबी हातात घेऊन बसले होते आणि खात नव्हते. "पट्टी दाखवली असेल का हो हिने?" ते दोनदा म्हणाले. ओटीत माझ्या बायकोने सांगलीहून आणलेला रीतसर खण होता, आणि विहीणबाई त्यावर ही पट्टी ठेवणार होत्या. इतके महिने खपून ज्या क्षणासाठी केलं, त्या क्षणी हा माणूस गवत कापायच्या यंत्राशेजारी बसला होता.

मग दार उघडून सूनबाई आल्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, चालताना एक हात कमरेवर. दुसऱ्या हातात ती पट्टी. तिच्यावरून त्या अंगठा फिरवत होत्या, वरून खाली, खालून वर. खालून वर नेला की हिरवा रंग काळपट व्हायचा.

"बाबा," त्या म्हणाल्या, "हे कसं केलंस तू? आय मीन, लाइक, हाऊ?"

मी खुर्ची सावरून बसलो. आता तासाभराची निश्चिंती. पण व्याही तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "असंच गं. बसल्या बसल्या."

आणि गप्प झाले. ती वाट बघत उभी. विमानतळावरच्या बाईला सगळा इतिहास सांगणारा माणूस हा! मला राहवेना. मीच सुरुवात केली. "अगं, म्हणजे दोन ताणे असतात बघ," मी म्हणालो, आणि जे घोटाळे करायचे ते सगळे केले. सळया जमिनीच्या ताण्यात घातल्या, व्हेनिस रोमजवळ नेलं, पात्याला फणी म्हणालो, रिळांना पाच-पाच किलोची वजनं लावली. सूनबाई मान डोलवत "ओके... ओके..." म्हणत ऐकत होत्या, आणि त्यांचा अंगठा चालूच होता. साध्या धाग्याला दोरा म्हटलं म्हणून याच माणसाने मला अर्धा दिवस फैलावर घेतलं होतं, तेव्हा आता कुठल्याही क्षणी ते मला थांबवणार म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लेकीच्या अंगठ्यावर होते. मी थांबलो, तसे ते तिच्यावरची नजर न काढता म्हणाले, "सांगा ना व्याही. पुढे सांगा तिला."

पुढचं मला काहीच येत नव्हतं. तरी मी सांगत राहिलो.